पहिलं पाणी

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आई मटकन खाली बसली. लेकीने तिला एका बाजूने धरलं, तर वरून उतरणाऱ्या एका अनोळखी तरुणाने काही न विचारता दुसऱ्या बाजूने आधार दिला. आईला उठवताना त्याची बोटं लेकीच्या बोटांना लागली... तिने हात मागे घेतला नाही.

"डॉक्टरांनी जिने चढू नका सांगितलं असेल," तो म्हणाला.

"सांगितलंय. पण आमच्या आईपुढे डॉक्टरांचीही डाळ शिजत नाही!"

बायकांना छोटी कर्जं देणारी संस्था आईने बावीस वर्षांपूर्वी काढली, ती एका नियमावर – अर्जदार बाईच्या घरी स्वतः जाऊन पेलाभर पाणी प्यायचं. घर कळतं, माणूस कळतं. आजही ती त्यासाठीच जिना चढत होती. पण गुडघ्यांनी दगा दिला होता आणि साठ अर्ज अडकून पडले होते.

दुसऱ्या दिवशी तोच तरुण कार्यालयात हजर! बँकेने पाठवलेला तपासनीस. संस्थेला पुढचा निधी मिळणार की नाही, हे त्याच्या अहवालावर होतं.

"चहात साखर कमी का?" त्याने विचारलं.

"तपासनिसाशी सगळेच गोड बोलतात. म्हटलं, चहा तरी खरा असू दे."

तो हसला. आठ दिवसांत त्या हसण्याची तिला सवय लागली, आणि सवय म्हणणं हा नुसता बहाणा होता.

"पाणी प्यायला तुम्ही का नाही जात?"

"मग आईचं काय उरेल?"

"आणि त्या साठ जणींचं?"

तिला त्याचा राग आला, कारण त्याचं बरोबर होतं. शेवटच्या दिवशी अहवालाचा मसुदा वाचून ती म्हणाली, "आईबद्दलचं ते एक वाक्य गाळाल... माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठी दुसरं काहीही. हे नाही. पण पाठवण्याआधी तुमच्या आईंना स्वतः वाचून दाखवीन."

संध्याकाळी घरी येऊन त्याने वाचलं – 'संस्था संस्थापिकेमुळे उभी राहिली. आज ती त्यांच्यामुळेच थांबली आहे.'

आई गुडघा चोळत राहिली. लेकीला वाटलं, संपलं सगळं.

"त्याला पाणी दे," आई म्हणाली.

तो प्यायला. पेला हातात थरथरत होता.

"घाबरतो, पण खरं बोलतो." आई लेकीकडे वळली. "पोरी, उद्यापासून घरोघरी तू जा. पहिलं पाणी याच्या घरी पी. अर्ज केला नाहीये त्याने... पण मला दिसतोय."

त्याने पेला खाली ठेवला. "चौथा मजला आहे," तो हळूच म्हणाला. "लिफ्ट नाही."

"माझे गुडघे चांगले आहेत," ती म्हणाली, आणि आईच्या मांडीत तोंड खुपसून रडू लागली.