उतरायची परवानगी

ती दुपार आपल्याला नीट आठवते का, याची गणपतराव सरनोबतांना पुढे पाच वर्षं खात्री वाटत नव्हती. चाळीस वर्षं गणित शिकवलं, डॉक्टरेट मिळवली, पण त्या दिवशी दिवे सव्वाचारला आले की सहाला, हे त्यांना छातीठोकपणे सांगता येत नसे. आणि सगळं अडलेलं होतं ते तेवढ्यावरच.

साल दोन हजार सहा. एप्रिलमधला रविवार. सकाळी ते शाहूपुरीत जाऊन आले होते. संगणकाचा यूपीएस दुरुस्तीला टाकला होता, तो आणायचा होता. दुकानदार म्हणाला, "बॅटरी आली न्हाय सर, उद्या या." गणपतराव मोकळ्या हातांनी राजारामपुरीत परतले, जेवले, आणि तीन वाजता मागच्या खोलीत जाऊन बसले. संगणकाच्या पडद्यावर ऊन पडू नये म्हणून खिडकीला जाड चादर लावलेली होती. खोलीत तापलेल्या प्लॅस्टिकचा आणि धुळीचा वास भरून राहिलेला.

निवृत्तीनंतर त्यांना हा नाद लागला होता. दुसऱ्या महायुद्धातली लढाऊ विमानं संगणकावर उडवायची, इंटरनेटवरून, इतरांबरोबर. घरात ब्रॉडबँड आलं आणि सहा जणांचं एक पथकच जमलं. नाव पंचगंगा स्क्वाड्रन. गेम चालायचा बेळगावच्या विश्वजितच्या संगणकावर, तो रात्रंदिवस चालू असे. पथकाचे प्रमुख गणपतराव. त्यांनी चौदा कलमांची नियमावली लिहून, छापून, प्रत्येकाला पोस्टाने पाठवली होती. सातवं कलम असं: जोडीने उडताना मागच्या वैमानिकाने पुढच्याच्या परवानगीशिवाय उतरू नये, परवानगी मिळेपर्यंत धावपट्टीवर डावीकडून घिरट्या घालाव्यात.

त्यांच्या मागे उडायचा मल्लेश. इचलकरंजीचा. घरचे आठ माग होते, आणि मागांच्या वरच्याच खोलीत त्याचा संगणक. वय चौतीस-पस्तीस. त्याची आणि गणपतरावांची कधी भेट झाली नव्हती. हेडफोनमध्ये त्याच्या आवाजामागे मागांचा खडखडाट सतत ऐकू यायचा.

त्या रविवारी बाकी कोणी आलं नाही. दोघंच उडाले.

"सर, जरा सैल बसा की," मल्लेश म्हणाला. "इमान चालवतायसा का पेपर तपासतायसा?"

"उंची बघ तुझी. शंभर फूट खाली आहेस."

"शंभर फुटाला मार्क कापणार व्हय?"

गणपतराव हसले. पण त्यांचं लक्ष पुढच्या बॉम्बफेकी विमानावर होतं. तीन आठवडे ते हातातून निसटत होतं. पावणेचार झाले असतील तेव्हा मल्लेश म्हणाला, "सर, डावा हात जरा जड पडलाय. खांद्यापासनं. उतरू काय?"

"थांब. चारला लाइट जाणार आहे माझ्याकडची. त्याच्या आत दोघं उतरूच."

"बरं."

थोड्या वेळाने पुन्हा, जरा दमल्यासारखा: "सर, घाम लई आलाय... उतरू?"

"अरे, पाच मिनिटं. जागा सोडू नकोस."

हे शब्द मात्र गणपतरावांना अगदी नक्की आठवतात. यात गफलत नाही.

आणि चार वाजायच्या आधीच दिवे गेले. पडदा काळा झाला, पंखा फिरत फिरत थांबला. गणपतराव अंधाऱ्या खोलीत बसून राहिले. मल्लेशचा मोबाइल नंबर वहीत होता. त्यांनी फोन उचलला आणि परत ठेवला. काय म्हणून विचारायचं? एवढा मोठा माणूस, हात दुखला तर उतरेल की. आपण फोन केला तर त्याला उगाच अवघडल्यासारखं होईल. असं म्हणून ते स्वतःच अवघडून बसले. बायकोने, शालूबाईंनी, चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला.

टेबलावर हेडफोन पडला होता. एकदा त्यांनी तो कानाला लावला. दिवे नसताना त्यात काय ऐकू येणार? तरी त्यांना वाटलं, ती शांतता रिकामी नाही. पलीकडे कोणीतरी फोन धरून बोलायचं थांबलंय, तशी ती होती. त्यांनी हेडफोन काढून उशीखाली ठेवला.

दिवे आले तेव्हा सहा वाजून गेले होते, असं त्यांना वाटायचं. संगणक सुरू व्हायला दोन-चार मिनिटं गेली, तोवर त्यांनी उशीखालचा हेडफोन काढून कानाला लावला. पडद्यावर पथकाचा विमानतळ आला. गेममध्येही संध्याकाळ झाली होती, नारिंगी उजेडात गवताचं पातं न् पातं दिसत होतं. आणि वर, डावीकडून घिरट्या घालत, एकच विमान होतं. त्याच्या टाकीत दीड तासाचंच इंधन असायचं.

"सर... आलासा?"

आवाज मल्लेशचा होता. मागांचा खडखडाट नव्हता. काहीच नव्हतं त्या आवाजामागे.

"मल्लेश? तू अजून वरच?"

"तुमी थांब म्हनलासा न्हवं."

"अरे, मघाशीच उतरायचंस. माझी लाइट गेली होती."

"नियम हाय की सर."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"हात कसा आहे?"

विमानाने एक पूर्ण घिरटी घेतली.

"हाताचं आता काय न्हाय... पण सर, खाली लई अंधार पडलाय. पट्टी दिसंना."

गणपतरावांच्या पडद्यावर धावपट्टी लख्ख दिसत होती.

"सरळ ये," ते हळू आवाजात म्हणाले. "मी सांगतो तसा. डावीकडं... आता खाली. उतर, मल्लेश. परवानगी आहे."

ते विमान टेकलं. चाकांचा आवाज झाला नाही, धूळही उडाली नाही. विमानाचा पंखा थांबला.

"सर... जाऊ मी?"

"जा," गणपतराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. मल्लेशची बहीण शांभवी बोलत होती. नियमावलीच्या पाठीवर गणपतरावांचा नंबर छापलेला होता, तो पाहून तिने फोन लावला होता.

"अण्णा गेला काका. काल."

ती तुटक तुटक सांगत गेली. साडेचारला ती चहा घेऊन वर गेली. अण्णा खुर्चीतच, मान खाली टाकून. डावा हात मांडीवर, उजवा कीबोर्डवर. अंग गार लागलं. तिनेच भिंतीवरचा खटका ओढून संगणक बंद केला आणि खालच्या कामगारांना हाका मारल्या. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणला असता तर बघता आलं असतं.

"तुमी होतासा न्हवं त्याच्यासंगट? काय बोलला काय वो तो? दुखतंय बिखतंय?"

गणपतरावांनी भिंतीकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "काही बोलला नाही."

"मग सुखानं गेला म्हणायचा," शांभवी म्हणाली, आणि रडू लागली.

त्यानंतर गणपतराव कधी उडाले नाहीत. शांभवीला खरं सांगावं म्हणून दोनदा एसटीने इचलकरंजीला गेले आणि स्टँडवरूनच परत आले. मनाची समजूत त्यांनी एकाच मार्गाने घातली: दिवे लवकर आले असतील. आपण सव्वाचारलाच परत जोडले गेलो असू, मल्लेश तेव्हा जिवंत असेल, आणि आपण त्याला उतरवलं असेल. सहा वाजले होते हे आपल्या म्हाताऱ्या डोक्याने नंतर घातलेलं असेल.

दोन हजार अकरात विश्वजितने गेम बंद केला. पथकातल्या प्रत्येकाला त्याने जुन्या नोंदी पाठवून दिल्या, आठवण म्हणून. गणपतरावांनी त्या फायलीला आठ दिवस हात लावला नाही. मग एका सकाळी चष्मा पुसून ते बसले आणि तो रविवार शोधून काढला.

ते स्वतः पुन्हा जोडले गेले ते सहा वाजून एकोणीस मिनिटांनी. आवाजाची नोंद गेम ठेवत नसे, पण टाइप केलेले संदेश राहत. आपला पडदा काळा झाल्यावर मल्लेशने एका हाताने टाइप करून विचारलं होतं, हे त्यांना त्या सकाळी कळलं. सर, उतरू काय. प्रत्येक वेळी तेवढंच. साडेचारच्या आधी असे चार संदेश होते. साडेचारनंतर अकरा. शेवटचा सहा सतराचा.