चौकोन म्हणजे नाही

आधीच सांगते, यातलं काहीही मी रंगवून सांगत नाहीये. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल पुढे जावं, मला राग येणार नाही. पण हे माझ्या घरात घडलंय आणि माझ्या डोळ्यांसमोर घडलंय.

भुतं रात्री येतात म्हणे. आमच्याकडे जे आलं, ते भर दुपारी आलं. जेवणं उरकली होती. आई आत आडवी झाली होती. मागच्या खोलीत टेबलावर लख्ख ऊन पडलं होतं.

मी प्रोग्रामर आहे. माझा मोठा भाऊही तेच काम करायचा. त्या मागच्या खोलीत टेबलाला टेबल लावून आम्ही दोघं लहान मुलांसाठी आकार काढायचा एक प्रोग्राम बनवत होतो. अगदी साधा. माउसचं बटण दाबायचं, ओढायचं, सोडायचं, की झाला चौकोन. वर्तुळ निवडलं तर वर्तुळ.

दादा डावखुरा. आपण सगळे चौकोन वरून डावीकडून सुरू करतो आणि खाली उजवीकडे ओढतो. हा पठ्ठ्या खालच्या उजव्या कोपऱ्यातून सुरुवात करून वर न्यायचा. मग रुंदी उणे निघायची आणि माझ्या कोडमध्ये चौकोन गायबच व्हायचा.

"तू मुद्दाम करतोस," मी म्हणायचे.

"मुलंही काढतील असंच. तेव्हा काय घरोघरी जाऊन त्यांचे हात धरणार आहेस?"

शेवटी मी मुकाट्याने ते दुरुस्त केलं.

मग दादा आजारी पडला. नक्की काय झालंय, ते डॉक्टरांनाही धड सांगता येईना. अन्न जाईना. कपडे अंगावर लोंबायला लागले. तशातही तो दार लावून मागच्या खोलीत एकटाच बसायचा. आम्हाला वाटायचं, काम करतोय.

हॉस्पिटलमधून तो परत आला नाही.

वहिनी माहेरी गेली. घरात उरलो आई आणि मी.

निदान प्रोग्राम तरी पुरा करावा, म्हणून त्या दुपारी मी तो उघडला. चहा ठेवायला उठणार, तेवढ्यात...

स्क्रीनवरचा बाण हलला.

माझा हात माउसवर नव्हता.

बाण खाली गेला. उजवीकडे. क्षणभर थांबला. आणि तिथून वर, डावीकडे... एक चौकोन हळूहळू मोठा होत गेला.

मी माउसची वायर उपटली.

दुसरा चौकोन आला. तसाच, खालून वर.

कोडमध्येच काही चुकलंय, असं मी स्वतःला बजावलं. माउसची प्रत्येक हालचाल स्क्रीनच्या कोपऱ्यात छापून येईल असं केलं. 'दाबलं' आलं. मग 'हललं', 'हललं', 'हललं'. आणि 'सोडलं'...

ते काही आलंच नाही.

बटण सोडल्याशिवाय आकार पुरा होणं शक्य नाही. ते मीच तसं लिहिलं होतं. तरी आकार पुरे होत होते.

खरं तर मी घाबरायला हवं होतं. मला रडू फुटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

आईला उठवून आणलं. ती दादाच्या खुर्चीत बसली. स्क्रीनवर चौकोन येत होते, ते बघितले. मग रोजच्यासारख्या आवाजात म्हणाली, "हे बघ, मला यातलं काही कळत नाही. हो असेल तर गोल काढ. नाही म्हणायचं असेल तर चौकोन. कळलं का?"

गोल.

"तूच आहेस ना रे?"

गोल.

"दुखतंय का आता कुठे?"

चौकोन.

आईने पदर डोळ्यांना लावला.

त्यानंतर ती तिथेच बसू लागली. शेजारपाजारच्या बातम्या सांगायची. माझ्या तक्रारी करायची. हसायची सुद्धा. घर पुन्हा घरासारखं झालं, असं मला वाटलं. देव पावला म्हणा हवं तर.

फक्त तिचं ताट तसंच राहू लागलं.

"त्याच्याशी बोलत बसलं की भूक मरते बघ," ती म्हणायची.

तिच्या हातातल्या बांगड्या सैल होऊन कोपरापर्यंत जायला लागल्या, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

मग एक दिवस दादाचे कपडे न्यायला वहिनी आली. मागच्या खोलीच्या दारात तिने आईला बोलताना पाहिलं, स्क्रीनवर गोल उमटताना पाहिला, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. माझा दंड धरून तिने मला बाहेर ओढलं.

"हे कधीपासून?"

"तुला माहितीये हे?"

"हॉस्पिटलमध्ये तुझे दादा सांगत होते मला. प्रोग्राममध्ये बाबा येतात म्हणाले. दार लावून त्यांच्याशीच बोलत बसायचे."

आमचे बाबा आम्ही लहान असतानाच गेले.

"आणि शेवटी शेवटी म्हणाले, ते बाबा नाहीत. तिला सांग, उघडू नकोस म्हणावं."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"तापात बरळतायत असं वाटलं गं मला."

मी तिच्याशी भांडलेही नाही. माझ्या डोक्यात दादाच होता. कोडमध्ये एक स्वल्पविराम राहिला तरी हा मला हाका मारायचा. आणि एवढं मोठं, हातभर अंतरावर बसून, माझ्यापासून लपवलं त्याने.

मी खोलीत गेले. आईच्या मागे उभी राहिले.

"तू दादा आहेस?" मी स्क्रीनला विचारलं.

गोल.

"तू बाबा आहेस?"

गोल. लगेच. आधीच्याएवढाच, त्याच्यावरच काढल्यासारखा.

आईचा हात माझ्या मनगटावर आला. थंडगार. "पुढे विचारू नकोस," ती म्हणाली.

"तू आमचा कुणी लागतोस का?"

बाण मधोमध उभा राहिला. बाहेर रस्त्यावरून कुणीतरी हसत गेलं. मग बाण हलला...

चौकोन.

आणि या वेळी तो वरून, डावीकडून सुरू झाला. मी काढते तसा.

मी मशीन बंद केलं. त्या संध्याकाळी वहिनीला शेजारी बसवून सगळा कोड पुसून टाकला. त्याच्या सगळ्या प्रती पुसल्या. मग मशीनच देऊन टाकलं.

रात्री मी आईजवळ जाऊन बसले. म्हटलं, "आई, तो दादा नव्हता."

"मला माहीत होतं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"आई आहे मी. पहिल्या गोलालाच कळलं मला," ती म्हणाली. "पण मी विचारलं की तो उत्तर द्यायचा. तू कधी दिलंस?"

तिने कूस बदलली.

मी आता बाहेर नोकरी करते. घरात कम्प्युटर नाही. मागच्या खोलीत आई झोपते. तिथे एक पलंग आणि एक कपाट, बाकी काही नाही. आईला साधा फोनही नकोय. ताट अजून तसंच राहतं. डॉक्टर म्हणतात, वयामुळे होतं असं.

काल मी ऑफिसातून लवकर आले. चपला काढत होते. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आतून आईचा आवाज आला. अगदी हळू, समजुतीचा. लहानपणी आम्हाला गप्प करायची तसा.

"आज नको... ती घरात आहे."