कौमुदीच्या दाराची मूठ

कौमुदीने आपल्याच दाराला सणसणीत लाथ मारली, तेव्हा मागे कुणी उभं असेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

"दार काही बोललं का तुम्हाला?" मागून मराठीत प्रश्न आला.

टोकियोच्या हिगाशी-कसाईत भारतीय पुष्कळ, तेव्हा त्या इमारतीत मराठी ऐकू येण्याचं नवल नव्हतं. पण या क्षणी तिला कुणाचीच थट्टा नको होती! कुलूप उघडलं होतं, पण दाराची गोल मूठ कुणा आळशाने अशी बसवली होती, की ती नुसतीच गरगर फिरायची. त्यात सायकलवरून पडून तिचं उजवं मनगट दुखावलेलं.

"हसताय काय? उघडून दाखवा!"

त्याने मूठ जरा वर उचलली, हळूच फिरवली... दार उघडलं. कौमुदीला दाराचा संताप आला, आणि ते उघडणाऱ्याचा त्याहून जास्त.

हा यतीन, खालच्या मजल्यावरचा. रविवारी तो नवं लिव्हर हँडल घेऊन हजर झाला.

"मालकीणबाईंना विचारलंय. घर सोडताना मात्र जुनीच मूठ परत बसवून द्यायची, अशी अट आहे."

"माहितीय. इथे सगळं होतं तसं करून द्यावं लागतं."

"टॉर्च नीट धरा."

"तुम्ही स्क्रूकडे बघा ना!"

"बघतोय की..." तो मुळीच बघत नव्हता.

नवं हँडल तिने कोपराने दाबलं. दार अलगद उघडलं, आणि महिनाभरात पहिल्यांदा ती खळखळून हसली. जुनी मूठ यतीनने खिशात टाकली. "तुम्ही ती हरवून बसाल," म्हणाला.

मग दोन महिने रोज स्टेशनपर्यंत सोबत, पावसात एकच छत्री, त्याचा भिजलेला डावा खांदा... तो काहीतरी बोलेल म्हणून ती वाट बघत राहिली.

आणि एका शनिवारी दुपारी तिच्या हँडलला एक पिशवी लटकलेली दिसली. आत, घर सोडताना शेजाऱ्यांना द्यायच्या इथल्या रिवाजाप्रमाणे, टॉवेल आणि यतीनचं छापील कार्ड — दूर उत्तरेला सेंदाईला बदली झाली आहे, उद्या निघतो, शेजारी म्हणून सांभाळून घेतलंत, आभार. समोरच्या तानाका आजींच्या दारालाही अगदी तीच पिशवी होती.

कौमुदीच्या अंगाचा तिळपापड झाला. टॉवेल मुठीत आवळून ती जिना उतरली आणि त्याचं दार बडवू लागली. रागाच्या भरात अहोजाहो पार गळून पडलं.

"टॉवेल? मला टॉवेल दिलास? आजींना दिलास तसा?"

खोक्यांच्या गराड्यात यतीन ओशाळून उभा. "चार वेळा वर आलो होतो... बेल वाजवायचा धीर झाला नाही."

"भित्रा आहेस! माझी मूठ दे इकडे."

"नाही देणार."

"काय?"

त्याने खिशातून ती गोल मूठ काढली. सगळं सामान खोक्यांत गेलं होतं, ही एवढी खिशातच राहिली होती. "ही माझ्याकडे असेपर्यंत तुला घर सोडता येणार नाही. सोडायचं झालं, तर मला बोलवावंच लागेल. निदान एकदा तरी भेटशील..." त्याने मूठ पुन्हा खिशात टाकली. "आवडतेस तू मला, कौमुदी."

तिला रडू येत होतं आणि त्या रडण्याचाही रागच येत होता. हे दोन महिने आधी सांगायला काय झालं होतं?

"सेंदाईच्या घराला मूठ कसली आहे?" तिने दरडावून विचारलं.

"गोल... का?"

"मी यायच्या आधी बदलून घे. माझं मनगट दुखतं."

मनगट केव्हाच बरं झालं होतं, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं.