काळी चार

रविवारी सायंकाळी सात वाजता नांदेडच्या भरल्या सभागृहात राघवेंद्र कंधारकर गाता गाता थांबला. वरच्या षड्जावर त्याचा सूर टेकला, लांबला... आणि मध्येच तुटला!

त्याच वेळी लातूरला त्याची थोरली बहीण सौदामिनी मेथी निवडत बसली होती. शेजारी राघवेंद्रची मुलगी देविका मोबाईलवर कार्यक्रम लावून बसलेली. क्लाससाठी ती आत्याकडेच राहायची.

“आत्या, बाबा थांबले गं! पाणी पाहिजे असेल.”

सौदामिनीने मान वर केली नाही. पाणी नव्हे, श्वास! तो आजवर तिनेच पुरवला होता.

वडिलांनी, दत्तोपंतांनी, दोघांना एकाच बैठकीत शिकवलं. सौदामिनीची पट्टी उंच, पेटीवरची काळी चार, राघवेंद्रची खालची. अंथरुणाला खिळलेल्या वडिलांनी एकदा तिचा हात घट्ट धरला होता. “सौदा, याचा दम कमी पडतो. याचा सूर तुटू देऊ नको.” तेवढंच. रेडिओवर गायचं बोलावणं तिने नाकारलं, आपला तंबोरा गवसणीत बांधून कोपऱ्यात उभा केला आणि भावाचा तंबोरा घेऊन त्याच्या मागे बसली. तो श्वास घ्यायचा तेव्हा सूर ती धरायची, त्याच्या आवाजात विरघळून जावा म्हणून आपला गळा दाबून, जाड करून! लोक म्हणत, कंधारकरांचा दम म्हणजे दैवी देणगी... ती मागे बसून हसायची. दुसऱ्याच्या पट्टीत आयुष्य काढताना तिची स्वतःची पट्टी कधी हरवली, तिचं तिलाही कळलं नाही.

आणि गेल्या दिवाळीत त्याच भावाने शिष्यांदेखत सुनावलं, “ताई, तुझा गळा फाटून राहिला. आता घरी भजनं म्हण.” शिष्य हसले होते. ती नुसतं “बरं” म्हणाली आणि उठली.

मोबाईलवर राघवेंद्र मागे तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्याकडे वळला. “शिवशंकर, काळी चार लाव.”

“गुरुजी, ती तर बायकांची पट्टी!”

“माझ्या ताईची पट्टी आहे. लाव!” मग तो श्रोत्यांकडे वळला. “ज्या दमाला तुम्ही टाळ्या दिल्या, तो माझा नव्हता. मागे ताई बसायची, तिचा होता. मी तिला उठवलं... माझ्या हातानं उठवलं!” नुसता तंबोरा वाजत राहिला.

मेथीची काडी सौदामिनीच्या बोटांतून गळून पडली.

“आत्या...” देविका कोपऱ्याकडे बघत होती. “तुझा तंबोरा कोण वाजवून राहिलं?”

कोणीच नव्हतं. देविकाने गवसणीवर हात ठेवला. कापडाखाली तारा थरथरत होत्या.

तेव्हा सौदामिनीने तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताणल्या, ओठ ‘आ’कारात उघडे राहिले, डोळ्यांतून धारा लागल्या... पण खोलीत आवाज नव्हता. श्वासाचासुद्धा नाही! आणि मोबाईलमधून एका बाईचा सूर आला. तरुण, निर्मळ, काळी चारचा. सभागृहातल्या माना वळू लागल्या. राघवेंद्रने दचकून मागे पाहिलं. दोन तंबोऱ्यांच्या मधली जागा रिकामी होती. त्याने त्या जागेला हात जोडले.

सौदामिनीचे ओठ मिटले. क्षणभराने मोबाईलमधला सूरही थांबला.

लगेच राघवेंद्रचा फोन आला. “देवू, ताई कुठंय?”

“इथंच, बाबा. घरात.”

“खोटं बोलू नको! आत्ता माझ्या मागं होती. तिचा श्वास लागला माझ्या मानेला... दे तिला!”

सौदामिनीने फोन कानाला लावला. ओठ हलले. शब्द फुटला नाही.

“ताई, बोल ना. शिव्या दे, पण बोल गं!”

त्या दिवसापासून ती बोललेली नाही. डॉक्टरांना गळ्यात दोष सापडला नाही. ध्वनिमुद्रणात तो सूर स्पष्ट आहे. कोणत्या माईकवरून आला, ते माईकवाल्याला सांगता येत नाही. राघवेंद्र सगळे कार्यक्रम सोडून लातूरला आला. त्याने तिच्या तंबोऱ्याची गवसणी सोडली, तेव्हा इतक्या वर्षांच्या त्या तारा अचूक काळी चारला लागलेल्या होत्या. आता रोज सायंकाळी ती पुढे बसते आणि तो मागे, तंबोरा घेऊन. ती आकार लावते. खोलीत तंबोराच तेवढा ऐकू येतो.

काल ती अशीच बसलेली असताना नांदेडहून सभागृहाच्या रखवालदाराचा, नरसिंगचा, फोन आला.

“साहेब, आज इथं काहीच कार्यक्रम न्हाई. कुलूप हाय. पण आत कोण तरी बाई गाऊन राहिली, त्या दिवशीचाच आवाज. लई गोड! दार उघडू का?”

राघवेंद्रने समोर पाहिलं. ताईची पाठ ताठ होती, मान किंचित वर.

त्याने नरसिंगला अजून उत्तर दिलेलं नाही.