समोरून कोण येतंय?

रामलिंग मला पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याचं हेल्मेट हातात होतं, आणि हेल्मेटमध्ये सीताफळं होती.

"मॅडम, लर्निंग लायसनचा फॉर्म इथंच भरतात का?"

लातूरच्या आरटीओ ऑफिससमोर माझ्या बसवंतमामाचं ऑनलाइन सेंटर आहे. मी इथल्या जवळच्याच मुरुडची. मामाकडे राहून बी.एस्सी. केलं आणि गेली चार वर्षं या खुर्चीत बसून लोकांचे फॉर्म भरतेय. माझा स्वभाव आधी तापट नव्हता. फॉर्म भरून भरून झालाय.

"भरतात. आणि हेल्मेट डोक्यात घालायचं असतं."

"हाव. पन मग सीताफळं कशात आनायची?"

मी मान वर केली. उन्हानं रापलेला चेहरा, नीट विंचरलेले केस, आणि उत्तराची मनापासून वाट बघणारे डोळे. चेष्टा नव्हती. माणूस खरंच विचारत होता!

"गाडी चालवत आलात? लायसन नसताना? लायसन काढायला?"

"किल्लारीहून आलोय मॅडम. चालत कसं येऊ?"

"एसटी नावाची वस्तू असते," मी म्हटलं आणि खटाखट नाव, पत्ता, जन्मतारीख टाइप करायला लागले.

फॉर्म भरता भरता त्यानं सगळी हकीगत सांगितली. गावाकडच्या साखर कारखान्यानं त्याला शेतकी विभागात घेतलं होतं. गावोगाव फिरून उसाच्या प्लॉटची नोंद करायची. अट एकच, दहा ऑक्टोबरच्या आत निदान लर्निंग लायसन तरी आणून दाखवायचं. नाही दाखवलं तर जागा दुसऱ्याला, आणि रामलिंगनं चुलतभावाबरोबर पुण्याला कंपनीत जायचं, असं घरी ठरून गेलेलं.

"पुन्यात रस्त्यानं कोनी कोनाला वळखत न्हाई म्हने," तो म्हणाला. "असल्या रस्त्यानं गाडी चालवून काय करावं?"

मला काय करायचंय? मी परीक्षेची तारीख काढून दिली. पंधरा प्रश्न, प्रत्येकाला तीस सेकंद, नऊ बरोबर आले की पास. सोपं असतं. माझ्याकडे फॉर्म भरलेला माणूस चार वर्षांत एकदाही नापास झाला नव्हता.

रामलिंग झाला. पाच बरोबर आणि सात प्रश्नांत वेळच संपलेली.

"येत नव्हतं का?"

"येत व्हतं की. ठरवेपर्यंत टाइम संपला."

"काय ठरवेपर्यंत?"

तो समोरच्या स्टुलावर नीट सावरून बसला. "आता बघा मॅडम. अरुंद पूल हाय, समोरून गाडी यायली, तुम्ही काय कराल? कोनता पूल, ते लिहिलंच न्हाई. आमचा तेरनेचा असंल तर—"

"कोणताही पूल!"

"बरं, कोनताबी. पन समोरून कोन यायलंय? दूधवाला असंल तर त्योच थांबतो. बाळंतीनीची जीप असंल तर आपून थांबायचं. आमचे शिवमूर्तीतात्या असले तर दोघंबी थांबतात, पुलावरच, अर्धा घंटा."

"तुमच्याकडे तीस सेकंद असतात!"

"त्येच म्हनायलो मी. तीस सेकंदात कसं व्हायचं?"

मी डोकं धरलं. मग ड्रॉवरमधून प्रश्नांचं पुस्तक काढून त्याच्यासमोर आपटलं आणि म्हटलं, उद्यापासून दुपारी तीन वाजता यायचं. एसटीनं!

तो आला, आणि रोज येत राहिला. रस्त्यावरची चिन्हं त्याला दोन दिवसांत तोंडपाठ झाली. गुराख्यानं थांबायची खूण केली तर काय कराल, या प्रश्नाला त्यानं मी वाचून संपवायच्या आत उत्तर दिलं आणि वर म्हणाला, "ह्यो प्रश्न शहाण्या मानसानं काढलाय." बाकी सगळ्या प्रश्नांवर मात्र घोडं अडायचं. ॲम्ब्युलन्स मागून आली तर वाट द्यायची हे त्याला मान्य होतं, पण आत कोण आहे हे कळल्याशिवाय पुढं जाववत नाही म्हणे. मी ओरडायचे. तो शांतपणे ऐकायचा आणि सीताफळ सोलून अर्धं माझ्यासमोर कागदावर ठेवायचा.

एका दुपारी परतीचा पाऊस आला. आमचा पत्रा एका जागी गळतो, नेमका कीबोर्डवर. मी कापड शोधेपर्यंत रामलिंगनं उठून हेल्मेटमधली सीताफळं स्टुलावर ओतली, हेल्मेट थेंबाखाली धरलं आणि तसाच अर्धा तास हात लांब करून उभा राहिला.

"विचारा की, मॅडम. थांबलात कशाला?"

मी पुढचा प्रश्न विचारला. कोणता, ते मला आता आठवत नाही. त्याच्या मनगटावरून पाण्याची एक रेघ कोपरापर्यंत जात होती... ती मात्र आठवते.

दुसऱ्या वेळी त्याला आठ पडले. एका मार्कानं गेला! पुढची तारीख मिळाली ती थेट नऊ ऑक्टोबर. म्हणजे शेवटचीच.

"सुकन्या," मामा चहा ओतता ओतता हसला, "पोरगं मुद्दाम नापास व्हायलंय. तुझ्यासाठी. तुला कळंना व्हय?"

माझे कान तापले. म्हणजे हे सगळं नाटक? पूल, तात्या, बाळंतीण, सगळं? मला भयंकर राग आला, आणि खोटं कशाला बोलू... त्या रागाच्या तळाशी गुदगुल्या होत होत्या. तीन वाजता तो आला तसं मी विचारलं, "मुद्दाम नापास होता ना तुम्ही?"

त्याचा चेहराच पडला.

"मॅडम, आईची आन घेऊन सांगतो. इमानदारीनं नापास झालो मी."

बस्स. इमानदारीनं! मला इतकं वाईट वाटलं की मला माझाच संताप आला. यानं मुद्दाम नापास व्हायला हवं होतं, अशी माझी इच्छा होती. मी, सुकन्या, जिच्याकडचा माणूस नापास होत नाही! आणि हा बाबा चार दिवसांनी पुण्याच्या गाडीत बसणार होता.

"एक काम करा," मी म्हटलं. "पूल नाही, गाव नाही, तात्या नाहीत. जिथं कुणीच माणूस नाही असा रस्ता डोळ्यासमोर आणा."

"असल्या रस्त्याला गाडी न्यायचीच कशाला?"

खरं तर बिनतोड प्रश्न होता. चार वर्षांत मी हजारो फॉर्म भरले असतील, पण त्यातल्या एकालाही विचारलं नव्हतं की बाबा, तुझ्या रस्त्यावर कोण भेटतं. मी पुस्तक मिटलं. मग आवाज शक्य तेवढा कोरडा ठेवून म्हटलं, "बरं. समोरून मी येतेय. स्कूटीवर. अरुंद पूल आहे. काय कराल?"

"थांबंन की."

"किती वेळ लागला ठरवायला?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "एक सेकंदबी न्हाई."

"मग परीक्षेत जी गाडी येईल त्या गाडीत मीच आहे असं समजा. रस्ता ओलांडणारी मीच, मागून हॉर्न वाजवणारी मीच. कळलं?"

"हाव," तो हळूच म्हणाला. त्या दिवशी सीताफळ सोलायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही.

नऊ तारखेला सकाळी मी तीन लोकांचे पिनकोड चुकवले. मामानं शेवटी मला खुर्चीतून उठवलं. समोरच्या फाटकातून माणसं निघत होती, हा निघत नव्हता. मग निघाला... आणि बघते तर हेल्मेट डोक्यात, पट्टासुद्धा लावलेला. एसटीनं आलेला माणूस!

"किती?"

"चौदा."

मला ओरडावंसं वाटलं. ओरडलेच. फाटकावरचा शिपाई वळून बघायला लागला. आनंद मावत नव्हता, पण सवय कुठं जाते? मी विचारलं, "पंधरावा कसा चुकला?"

तो हेल्मेटचा पट्टा सोडवत बसला. सुटता सुटेना.

"पुढची गाडी हळू चाललीय, उजवीकडनं रस्ता मोकळा हाय, काय कराल? असा व्हता."

"मग? उजवीकडून पुढं जायचं! दहा वेळा घेतलाय आपण तो!"

"ठावं हाय मला." तो पट्ट्याकडेच बघत होता. "पन पुढं तुम्ही व्हता. तुम्हाला मागं टाकून जावं वाटंना, मॅडम. मागंच राहीन, ह्यो पर्याय दाबला."

रस्त्यावर रिक्षावाले भांडत होते. मला काहीही ऐकू येत नव्हतं.

"मला मॅडम म्हणायचं नाही," मी म्हटलं. आवाज चढलाच, काय करू! "आणि लर्निंगवर मागं कुणालाही बसवता येत नाही, माहीत आहे ना? फक्त लायसन असलेलं, शिकवणारं माणूस चालतं."

त्यानं विचार केला. या वेळी तीस सेकंदांच्या आत.

"म्हंजे... किल्लारीत तर असं कोनीच न्हाई."

"लातुरात आहे," मी म्हटलं, आणि त्याच्या हनुवटीखालचा तो मेला पट्टा सोडवून दिला.