पत्र्यावरची थाप

चर्चमधली शुक्रवारची मिस्सा आटोपली आणि लॉयड कॅरॅव्हॅन आणायला दोह्यातल्या अल दुहैलला निघाला, तेव्हा कामिलही त्याच्या बाजूला जाऊन बसला. कोणी बोलावलं नव्हतं. पण जावई गाडीला काहीतरी जोडून ओढणार म्हटल्यावर घरात बसून राहणं त्याला जमलं नसतं. बेचाळीस वर्षं त्याने वसईची केळी आणि भाजी मुंबईच्या बाजारात नेणाऱ्या ट्रकवर काढली होती, आधी क्लीनर म्हणून, मग ड्रायव्हर म्हणून. आता वय चौऱ्याहत्तर. मुलगी अँजेलीन दोह्यात नर्स होती. तिच्या अल हिलालच्या फ्लॅटवर दोन महिने राहायला आला होता, आणि दोन महिन्यांत त्याच्या हाताला कोणी काही काम दिलं नव्हतं.

कॅरॅव्हॅन लॉयडच्या ऑफिसातल्या जहूरची. भला माणूस. त्याने चावी दिली, गॅस दाखवला आणि एक गोष्ट दोनदा बजावली. उत्तरेला समुद्राकडे सब्खा आहे. वरून कोरडी जमीन दिसते, खाली खारट चिखल असतो. मोठ्या गाड्या चाकांच्या दांड्यापर्यंत आत रुततात. तिथे पाऊल टाकायचं नाही.

कॅरॅव्हॅनचा डबा मागे घेताना लॉयडची तारांबळ उडाली. कामिल खाली उतरला, मागे जाऊन उभा राहिला आणि पत्र्यावर दोन थापा दिल्या. चल. पुन्हा दोन. मग एकच, जोरात. थांब. डबा भिंतीपासून वीतभर अंतरावर उभा राहिला.

"शाब्बास पप्पा!" लॉयड खिडकीतून ओरडला. "कॅमेरा कशाला हवा मला?"

सहा वर्षांच्या ॲश्लिनला हा खेळ फार आवडला. प्रवासभर तिचं तेच चाललं होतं.

"एक म्हणजे?" कामिल विचारायचा.

"स्टॉप!"

"दोन म्हणजे?"

"कम! गो!"

"आणि थांबलेल्याला सोडायचं कोणी?"

"ज्याने स्टॉप केलं त्यानेच. ग्रँडपा, आय नो!"

"तेच महत्त्वाचं, बाय. दुसऱ्या कोणाचं ऐकून हललं की माणूस चाकाखाली जातो."

"पप्पा, लहान पोरीला काय सांगता!" अँजेलीन करवादली, पण हसतच.

तीन दिवसांची सुट्टी होती. पहिली रात्र त्यांनी पश्चिमेच्या किनाऱ्यावर काढली, दुसऱ्या दिवशी समुद्र डाव्या हाताला ठेवून वर वर निघाले. घरं संपली, विजेचे खांब संपले. राहिली ती खडी, वाळू आणि कुठेतरी एखादा उंट. उन्हं उतरता उतरता ते उत्तरेच्या टोकाजवळ पोचले. तिथे कोळ्यांचं एक सोडून दिलेलं गाव होतं. समुद्रातल्या दगडांच्या पडक्या भिंती, छप्पर कशालाच नाही. लॉयडने डबा गावापासून लांब, कडक जमिनीवर लावला. अँजेलीनने सुक्या बोंबलाचं कालवण केलं. सगळ्यांनी रोजरी म्हटली आणि ॲश्लिन आजोबाच्या कुशीत झोपून गेली. कामिलला वाटलं, आता देवाने बोलावलं तरी तक्रार नाही.

सकाळी धुकं होतं.

त्याने वसईच्या खाडीवर धुकं पाहिलं होतं, पण हे निराळं होतं. पांढरं, ओलं, थेट डब्याच्या दारापर्यंत आलेलं. हात लांब केला तर बोटं पुसट दिसत. मिठाचा आणि कुजलेल्या शेवाळाचा वास येत होता. समुद्र कुठल्या बाजूला आहे तेच कळेना.

लॉयड डबा गाडीला जोडून कडी आवळत होता. अँजेलीन आत गाद्या गुंडाळत होती. कामिल बाहेर स्टोव्हवर चहा ठेवत होता. तेवढ्यात लांबून आवाज आला. थप थप.

मध्ये थोडा वेळ गेला. पुन्हा थप थप.

"पप्पा, तुम्ही ॲश्लिनला कुठे बोलावताय?" अँजेलीनने आतून विचारलं.

"मी? मी इथे आहे."

"मग ती कुठे गेली? आत्ता म्हणाली, ग्रँडपा बोलावतात…"

कामिलच्या हातातली किटली तशीच राहिली. दाराशी ॲश्लिनची चप्पलसुद्धा नव्हती.

"ॲश्लिन!" लॉयड ओरडला. त्याचा आवाज दहा पावलांवर विरून गेला. अँजेलीनही ओरडली. धुकं हाक गिळत होतं. थाप तेवढी स्पष्ट येत होती.

कामिल धावत डब्याच्या मागे गेला आणि पत्र्यावर दोन थापा दिल्या. ये.

पलीकडून लगेच दोन आल्या. ये.

आता त्याने नीट ऐकलं. तो पत्र्याचा आवाज नव्हता. लाकडाचा होता. होडीच्या कडेवर तळवा मारला की येतो तसा, ओला आणि जड. गावात होड्या नव्हत्या, काल त्यांनीच फिरून पाहिलं होतं.

त्याने पुन्हा दोन दिल्या. तिकडून पुन्हा दोन. त्याचं डोकं चालू होतं. पोर मध्ये कुठेतरी आहे. दोन्हीकडून ये, ये. ती इकडे चार पावलं टाकणार, तिकडे चार टाकणार… आणि आसपास सब्खा.

त्याने पूर्ण ताकदीने एक थाप दिली.

थांब.

सगळं शांत झालं. मग तिकडूनही एक आली. हळू, घाबरल्यासारखी. थांब.

"लॉयड," कामिल दबक्या आवाजात म्हणाला, "गाडी ओढायचा दोर काढ. एक टोक डब्याला बांध, दुसरं कमरेला. जमीन तपासत जा. ती उभी असेल. मी सांगितलंय तिला."

"पप्पा, तिकडून कोण…"

"जा रे बाबा, विचारू नको."

लॉयड धुक्यात शिरला. कामिल थोड्या थोड्या वेळाने एकेक थाप देत राहिला. थांब. तिकडून एक. थांब. तळहात लाल झाला. अँजेलीन दोर धरून बसली होती, तिचे ओठ हलत होते. दोर ताणला गेला, सैल पडला, पुन्हा ताणला. मग धुक्यातून लॉयड आला. गुडघ्यापर्यंत काळा चिखल आणि कडेवर ॲश्लिन.

"एक पाऊल," तो धापा टाकत म्हणाला. "पुढे एक पाऊल टाकलं असतं ना…"

कामिलने नातीला छातीशी धरलं. तिच्या केसांतून पाणी गळत होतं.

"मी स्टॉप केलं, ग्रँडपा. वी बोथ स्टॉप्ड."

"दोघं? दुसरं कोण, बाय?"

"ती छोटी गर्ल. तिलापण मी रूल सांगितला."

अँजेलीनने लॉयडकडे पाहिलं. लॉयडने मान हलवली. तिथे कोणी नव्हतं.

"खलास," तो म्हणाला. "चला इथून. सामान राहू दे."

सगळे गाडीत बसले. कामिल मागे, ॲश्लिन त्याच्या आणि आईच्या मधे. इंजिन सुरू झालं आणि तेवढ्यात पुन्हा आलं. थप थप. थोडा वेळ गेला. थप थप.

आता कामिलला ती थाप कळली. त्यात कपट नव्हतं. दमलेला हात होता, म्हाताऱ्या माणसाचा, कधीपासून कोण जाणे आपल्या पोरीला घरी बोलावणारा. आणि पोर येत नव्हती, कारण तिला कामिलने थांबवलं होतं. ज्याने थांबवलं त्यानेच सोडायचं. ती त्या चिखलाच्या कडेला तशीच उभी राहिली असणार.

त्याच्याने राहवलं नाही. खिडकीची काच खाली करून त्याने हात बाहेर काढला आणि दारावर हलकेच दोन थापा दिल्या. जा बाय. जा आपल्या माणसाकडे.

पण लॉयडला ती खूण निघण्याची वाटली. गाडी हलली. आणि मागच्या डब्याच्या पत्र्यावर, आतून, दोन थापा आल्या. अगदी छोट्या तळव्याच्या.

धुक्यातून एक आली. लाकडावर. मग एक. मग लागोपाठ, वेड्यासारखी, एकेक, एकेक.

"थांब!" कामिल ओरडला. "लॉयड, थांब!"

तो उतरला, डब्याचं दार उघडून धरलं. आत फक्त गुंडाळलेल्या गाद्या. "उतर गं," तो हळू म्हणाला. "तुला बोलावतात ना ते… उतर. मी चुकलो, मला माफ कर." त्याने बराच वेळ दार धरून ठेवलं. तिकडची थाप बंद झाली. त्याला वाटलं, गेली. त्याने क्रुसाची खूण केली आणि दार लावलं.

डांबरी रस्ता लागला तेव्हा ऊन पडलं. मागे धुक्याचा मागमूस नव्हता. अँजेलीन रडून हलकी झाली होती. बापाचा सुजलेला तळहात पाहून म्हणाली, "पप्पा, व्हिसा वाढवायचा हं तुमचा. आता नाही सोडत तुम्हाला." लॉयड म्हणाला, "इन्शाल्ला. पप्पांशिवाय मला गाडी मागे घेता येत नाही." कामिल हसला. कितीतरी दिवसांनी इतकं मोकळं हसला.

दोह्यातलं मन्सूरा जवळ आलं, इमारती दिसू लागल्या. आणि लॉयडने करकचून ब्रेक मारला.

"काय झालं पप्पा? का थांबवलंत?"

मागच्या डब्याच्या पत्र्यावरची ती एकच, छोटी थाप कामिलनेही ऐकली होती. त्याचे दोन्ही हात झोपलेल्या ॲश्लिनच्या पावलांभोवती होते.