शेवटची चिमूट

"दोनशे अकरावी! नीट टाक रे," उंच, किडकिडीत म्हणून सगळे जिला फुटपट्टी म्हणायचे ती म्हणाली, आणि तिच्या मावसभावाने ताटातल्या ढिगावर चिमूटभर कोरडी रेती सोडली. चार दाणे घसरले. सतत तिच्या मागे फिरणाऱ्या धाकट्या भावाने, म्हणजे शेपटाने, वहीत रेघ मारली. पोरांना सुट्टी बाधलीय, असं आई म्हणत होती.

बाधली कसली! महिन्यापूर्वी रेतीच्या डेपोत मोठा ढीग कोसळला आणि वजनकाट्यावरच्या काकांचा पाय कायमचा गेला. रेती उचलायच्या यंत्रावर, लोडरवर, फुटपट्टीचे बाबा होते. त्यांनी लोडरचं बकेट ढिगात दणक्यात घुसवलं म्हणून ढीग आला, असं सांगून मुकादमाने हात झटकले. बाबांना घरी बसवलं, आणि आज मालक त्यांना काढूनच टाकणार होते. काकांच्या लाडक्या फुटपट्टीने महिनाभर बाबांशी बोलणं टाकलं होतं. मग परवा शेपटाने खेळात रचलेला ढीग फक्त एका चिमटीने ढासळला, आणि बाबांच्या बकेटचंही तसंच झालं असेल, हे तिच्या लक्षात आलं.

वहीत सगळं उतरलं होतं. ढीग वाढत वाढत आपोआप एका ठरावीक उताराला येऊन ठेपायचा. मग तेवढ्याच चिमटीने कधी चार दाणे घसरायचे, कधी अख्खी बाजू. कोणती चिमूट काय करील, ते आधी कळायचंच नाही. ढीग जितका उंच, तितकी मोठी घसरण लांब जायची. म्हणून तर डेपोच्या भिंतीवर लाल रेघ होती, ढीग तिच्याखालीच ठेवायचा. शेपटाने डेपोत जाऊन त्या रेघेखालचा चुना नखाने खरवडला, तर दोन हात खाली जुनी रेघ निघाली!

तिघं ताट घेऊन थेट मालकांच्या खोलीत शिरली. फुटपट्टीने रेतीची वाटी तिथेच बसलेल्या मुकादमापुढे धरली आणि ढिगावर चिमटी टाकायला सांगितल्या. तो हसत हसत चिमटी टाकत राहिला. सातव्या चिमटीला अख्खी बाजू टेबलावर आली.

"शेवटची चिमूट तुमची होती," फुटपट्टी म्हणाली. "मग चूक तुमची का?"

मुकादमाने बाहीवरची रेती झटकली. शेपटाने जुन्या रेघेचं सांगितलं, तेव्हा कुठे तो कबूल झाला. ढीग रेघेला टेकला की रेती ओतणारा पट्टा दुसरीकडे सरकवायला अर्धा दिवस मोडतो, म्हणून त्याने रेघच वर चढवली होती.

मालकांनी तिघांची पाठ थोपटली, एकेक पेन दिलं. मुकादमाची नुसती दुसऱ्या डेपोत बदली झाली. काकांच्या पायाचं कोणी नावही काढलं नाही.

बाबांना कामावर परत बोलावलं. फुटपट्टी धावत घरी आली. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, शाबास म्हणाले, आणि मग हळूच विचारलं, "तुलाही मीच वाटलो होतो ना?"

ती पेनाचं टोपण काढत-घालत राहिली. खोटं बोलायचं तिच्या जिवावर आलं होतं.